दोनशे डॉलर भरून धावणे

पहाटे साडेपाचला मुधोळहून बासरकडे जाणाऱ्या रस्त्याने फिरायला निघालो, की आधी माणसे दिसत नाहीत; आधी बुटांचा आवाज येतो. मग अंधारातून तीन-चार पोरे येतात, 'नमस्ते सर' म्हणतात आणि पुढे निघूनही जातात. दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली, तेव्हापासून मी या रस्त्याचा कायमचा सभासद आहे. वर्गात ज्यांना मी मागच्या बाकावरून उठवून पुढे आणून बसवतो, ते इथे मला रोज मागे टाकतात.

ही पोरे कशासाठी धावतात हे मुधोळ-भैंशाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. भरती. पोलीस नाहीतर मिलिटरी. आपल्याकडे माणूस विनाकारण धावत नाही, असे माझे परवापरवापर्यंत पक्के मत होते. धावायचे ते एसटीमागे, रेल्वेमागे, नाहीतर नोकरीमागे. हे मत डळमळीत व्हायला एक फोन कारण झाला.

फोन माझ्या मावसबहिणीचा. ती अमेरिकेत अटलांटाला असते. वय पंचेचाळीस, दोन मुले कॉलेजात. जानेवारीतली एक संध्याकाळ होती. फोनच्या आधी फोटो आला होता. हिच्या गळ्यात चहाच्या बशीएवढे पदक, पदकावर बदकाचे चित्र, डोक्याला निळी रिबन आणि चेहरा घामाने निथळलेला.

"दादा, मी एकवीस किलोमीटर धावले!"

"अरे वा! कितवी आलीस?"

"कितवी ते बघितलंच नाही रे."

"मग बक्षीस कसलं?"

"बक्षीस नाही. उलट मीच भरले की. दोनशे डॉलरच्या वर. हॉटेल आणि विमान वेगळं."

मी मनातल्या मनात रुपयांत हिशेब केला आणि हसलो. पैसे घेऊन धावणारे माहीत होते, पैसे मिळतील म्हणून धावणारे रोज बघतो. पदरचे पैसे भरून, सहा महिने सराव करून, विमानाने जाऊन धावणारी आमच्या घराण्यात हीच पहिली. तिलाही माझे हसणे कळले असावे. म्हणाली, "तू हस. पण पुढच्या वेळी फोन केलास की विचार मला, का धावले ते." मी विचारले. त्यावरून हा लेख.

आधी ती कुठे धावली ते सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडोजवळ डिस्ने कंपनीची प्रचंड मोठी करमणूक नगरी आहे, १९७१ साली सुरू झालेली. मिकी माऊस, डोनाल्ड डक, परीकथेतला किल्ला, पाळणे, आतषबाजी. मुंबईच्या गोराईचा एस्सेलवर्ल्ड किंवा हैदराबादची रामोजी फिल्म सिटी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी ती अनेक पटींनी मोठी करून डोळ्यांपुढे आणावी. तिथे १९९४ च्या जानेवारीत पहिली मॅरेथॉन झाली. आता दर जानेवारीत चार दिवस शर्यतींचा उत्सवच असतो: एक दिवस पाच किलोमीटर, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी अर्धी मॅरेथॉन म्हणजे एकवीस, चौथ्या दिवशी पूर्ण बेचाळीस. काही महाभाग चारही दिवस धावतात. चार दिवसांत अठ्ठ्याहत्तर किलोमीटर, आणि त्याबद्दल सहा पदके! नाताळची गर्दी ओसरल्यावर पाहुणे आणण्याची ही धंद्याची युक्ती नाही, असे मी म्हणणार नाही. व्यापारी तिथला असो की भैंशाच्या कापूस बाजारातला, व्यापारी तो व्यापारीच.

पण गंमत पुढे आहे. शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे माणसाने अडीच-तीनलाच उठायचे. लोक वेश करून येतात. कोणी परी, कोणी चाचा, कोणी उंदीर, कोणी समुद्री डाकू. रस्त्यात ठिकठिकाणी कार्टूनमधली पात्रे उभी असतात आणि धावणारे चक्क थांबून, रांग लावून त्यांच्यासोबत फोटो काढतात. शर्यतीत रांग! आमच्या भरतीच्या पोरांना हे सांगितले, तर ती मला डॉक्टरकडे नेतील. आणि पदक शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला. पहिल्या आलेल्यालाही बदक आणि शेवटून पहिल्या आलेलीलाही बदकच.

मात्र एक धाक आहे. एक मैल सोळा मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा मिनिटे, एवढी गती राखावीच लागते. सगळ्यांत शेवटच्या रांगेतून काही बायका फुगे बांधून नेमक्या त्याच गतीने निघतात. त्या फुग्यांच्या फार मागे पडलात, की तुम्हाला बसमध्ये बसवून शेवटच्या ठिकाणी नेऊन सोडतात. बहीण म्हणाली, "दादा, सहा महिने मला स्वप्नात ते फुगे दिसत होते. इतकी भीती मला दहावीच्या गणिताची पण नव्हती."

आता 'का' त्याकडे येतो. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "गंमत म्हणून." हे उत्तर मी विद्यार्थ्यांकडून रोज ऐकतो आणि ते कधीच खरे नसते. दुसऱ्या खेपेला म्हणाली, "तब्येतीसाठी." तेही अर्धेच खरे. तब्येतीसाठी धावायला अटलांटात रस्ते नाहीत का? तिसऱ्या खेपेला बोलली.

आमची मावशी भैंशाला असायची. तीन वर्षांपूर्वी गेली. बहिणीला कळवले, तिकीट मिळाले, हैदराबादेत उतरून ती गाडीने भैंशाला पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. तेरावे झाल्यावर ती परत गेली. इतकी वर्षे तिचा एक नेम होता. रोज सकाळी सहाला उठून, चहा ठेवून आईला फोन. तिच्या सकाळी सहाला आपल्याकडे दुपार कलून गेलेली असते, मावशी वामकुक्षी आटपून फोनची वाटच पाहत बसलेली असे. परत गेल्यावर सहाला जाग यायची आणि करायचे काय ते सुचायचे नाही. "घरात बसवायचं नाही रे, म्हणून बाहेर पडायला लागले. नुसती चालायची. थंडी, अंधार, काही बघायची नाही." मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने या शर्यतीचे सांगितले. हिने नाव घातले. "नाव घातलं आणि कॅलेंडरवर एक तारीख आली. दादा, मला तारीख पाहिजे होती. नाहीतर सगळे दिवस सारखेच चालले होते."

यावर मी काही हसलो नाही.

सराव कसा केला हेही तिने सांगितले. अटलांटाचेच जेफ गॅलोवे, जे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावले होते, त्यांनी एक पद्धत रूढ केली आहे. थोडे धावा, दमायच्या आधीच थोडे चाला, पुन्हा धावा. सुरुवातीला ती अर्धा मिनिट धावायची आणि एक मिनिट चालायची. आठवड्यात दोन दिवस अर्धा-अर्धा तास आणि रविवारी लांब पल्ला, दर वेळी थोडा वाढवत. तिने मला हेही करून पाहा म्हटले. मी करून पाहिले. बासर रस्त्यावर अर्धा मिनिट धावणारा आणि मग चालणारा मास्तर पाहून एका म्हाताऱ्याने बैलगाडी थांबवली आणि विचारले, "सर, काही हरवलं का?"

या बहिणीबद्दल आणखी एक सांगण्यासारखे आहे. सातवीपर्यंत ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती. आठवीत तिचा खेळ बंद झाला. कोणी बंद केला असे नाही. त्या काळी तो आपोआप बंद होत असे. आणि रविवारी ती आमच्याकडे मुधोळला यायची, कारण आमच्याकडे टीव्ही होता. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' लागायचे, हे आज चाळिशीत असलेल्या वाचकांना आठवत असेल. वीज गेली की आम्ही रडकुंडीला येत असू. तर त्या शर्यतीच्या वाटेवर, उजाडायच्या आधी, दिव्यांनी झगमगणारा तो किल्ला येतो आणि त्याच्या आतून धावत जायचे असते. "तिथं मला काय झालं कोण जाणे. मला तुमचा ओटा आठवला, मावशीच्या हातच्या शेवया आठवल्या, आई मला न्यायला यायची ते आठवलं. मी रडत रडत धावले. आजूबाजूच्या चार बायका पण रडत होत्या. त्यांचं काय होतं ते मी विचारलं नाही."

डिस्नेने तो किल्ला तिकिटे विकायला बांधला असेल. पण तिने तिथे जे पाहिले ते त्या तिकिटात नव्हते.

हे ऐकून मला आमचे नाना आठवले. माझे वडील. नाना वारकरी. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरला ते अकरा वर्षे गेले. एका वर्षी मी फलटणपासून पुढे त्यांच्यासोबत चाललो. नानांचे गुडघे तेव्हा पार गेलेले. घरी दोन पायऱ्या चढायच्या तर कठडा धरून, 'विठ्ठला' म्हणत. माळशिरस सोडले, खुडूसला गोल रिंगण झाले. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोठ्या मैदानात लोक वर्तुळ करून उभे राहतात, मग आधी पताका घेतलेले धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बायाबापड्या, मग विणेकरी, आणि सगळ्यांच्या नंतर माउलींचा अश्व दौडतो. अश्वाच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. साठीच्या बाया डोक्यावरचे वृंदावन न हलवता अशा धावतात, की बघत राहावे. कोणी त्यांना शिट्टी देत नाही, कोणी वेळ लावत नाही.

त्याच दिवशी पुढे वेळापूरच्या अलीकडे एक उतार येतो. तुकाराम महाराजांना तिथल्या टेकडीवरून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीच्या ओढीने धावत सुटले, असे सांगतात. म्हणून सगळी वारी तिथे धावते. त्यालाच 'धावा' म्हणतात. मी नानांचा हात धरून उभा होतो, उतारावर त्यांना धक्का लागू नये म्हणून. दिंडीतून आरोळी उठली आणि नानांनी माझा हात सोडला. दुसऱ्या क्षणाला माझ्यापुढे त्यांचे पांढरे धोतर आणि खांद्यावरची पताका एवढेच दिसत होते. मी तिशीतला तरुण, मला त्यांना गाठायला उतार संपावा लागला. खाली जाऊन पाहतो तर नाना गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत हसत होते. घरी आल्यावर पुन्हा कठडा धरायला लागले.

विठोबाशी उंदराची बरोबरी केली म्हणून कोणी रागावू नये. मी फक्त पायांबद्दल बोलतो आहे. माणूस एकटा रस्त्यावर जे करणार नाही ते, दिवस ठरलेला असला, सोबत हजारो असले, अंगावर काही खूण असली आणि पुढे आपल्याला हवेसे काही दिसत असले, की करून जातो. वारीला जाणारा शेतकरी पेरणीच्या दिवसांत तारीख सांभाळतोच. माझ्या बहिणीला जी तारीख विकत घ्यावी लागली, ती नानांना परंपरेने फुकट मिळाली होती. एवढा फरक मला मोठा वाटतो.

मुंबईत २००४ च्या फेब्रुवारीपासून मोठी मॅरेथॉन होते. तिच्यात सहाएक किलोमीटरची 'ड्रीम रन' असते. त्यातही लोक वेश करून, फलक घेऊन, नाचत-गात जातात आणि टीव्हीवर पुष्कळदा तेच जास्त दिसतात. आम्ही खेड्यातली माणसे त्यांची चेष्टा करतो. आता करवत नाही. दुसरीकडे बारामतीच्या लता करे. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून साठी उलटलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळा लांब म्हणून पायपीट करायचा, मग पोटासाठी सैन्यात गेला, तिथे धावायला लागला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक घेऊन आला. त्याने सुरुवात पदकासाठी केली नव्हती. धावायला लागण्याचे कारण आणि धावत राहण्याचे कारण, ही दोन वेगळी असतात की काय, असे मला यावरून वाटू लागले आहे.

आणि म्हणून मी पुन्हा आमच्या रस्त्यावर येतो.

तेलंगणाच्या पोलीस भरतीत, २०२२ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या जाहिरातीप्रमाणे, मुलांना १६०० मीटर सव्वासात मिनिटांत आणि मुलींना ८०० मीटर पाच मिनिटे वीस सेकंदांत धावावे लागले. आमच्या पोरांना हे अवघड नाही. शेतात वाढलेली पोरे, सहा मिनिटांच्या आत येणारी चार-पाच तर मीच सांगेन. अडचण दुसरीच आहे. आधी लेखी, मग मैदान, मग पुन्हा लेखी. आणि लेखीचा पेपर इंग्रजी, तेलुगू नाहीतर उर्दूत. १९५६ साली नांदेड जिल्ह्यातला आपला मुधोळ तालुका आदिलाबादला जोडला गेला, २०१४ ला राज्य बदलले, २०१६ ला जिल्हा निर्मल झाला. पण मराठी शाळेत दहावी झालेल्या पोराच्या डोक्यातली भाषा जीआर काढून बदलत नाही. पलीकडे धर्माबादला त्याच्या मामाचा मुलगा मराठीत पेपर देतो. हा तिकडे जाऊ म्हणतो तर रहिवासाचा दाखला कुठला आणायचा? या सगळ्या परीक्षेत १६०० मीटर एवढीच जागा अशी आहे, की जिथे भाषा लागत नाही. तिथे आमचा पोरगा कुणाच्याही बरोबरीचा असतो. तो इतक्या जिवाच्या आकांताने का धावतो, ते मला या अंगाने उशिरा कळले.

एक मुलगी येते. ओढणी कमरेला घट्ट बांधून आठशेचा सराव करते. सोबत तिची आई, हातात बॅटरी. पहिले काही महिने आई मोरीच्या कठड्यावर बसून राहायची. मग म्हणाली, बसून थंडी वाजते, आणि चालू लागली. हल्ली लेकीला सुट्टी असली तरी आई एकटी येते. तिला कुठलीच भरती नाही.

आणि एक पोरगा. त्याचे नाव लिहीत नाही. पहिली लेखी तो पास झाला, मैदानात त्याच्या तुकडीत पहिला आला, शेवटच्या लेखीत गेला. पुढची जाहिरात येईल म्हणून थांबला. थांबता थांबता वयाची अट निघून गेली. मला वाटले आता हा रस्त्यावर दिसणार नाही. चार महिने दिसलाही नाही. भैंशाला जिनिंगमध्ये कामाला लागल्याचे कळले. मीही चौकशी केली नाही, काय विचारणार? त्याला 'इंग्रजी सुधार, इंग्रजी सुधार' म्हणून दोन वर्षे मीच सांगत होतो. शिकवायला हवे होते. सांगणे आणि शिकवणे यांत फरक आहे, हे प्राध्यापकाला कळायला नको?

बहिणीचा फोन झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मागच्या मैदानावर पोरांनी मला उभे केले होते. वेळ लावायला. मी धावत नाही, पण मोबाइलवर आकडे बघता येतात, म्हणून महिन्यातून एकदा हे काम माझ्याकडे असते. चारशेची चुन्याने आखलेली फेरी, चार फेऱ्या म्हणजे सोळाशे. पोरे रेघेवर उभी राहिली. तेवढ्यात फाटकातून तो आला. जिनिंगची रात्रपाळी करून तसाच आलेला, केसांत कापसाचे तंतू, पायांत तेच जुने बूट, एकाला नाडीऐवजी सुतळी.

बाकीची पोरे गप्प झाली. त्याने पँट दुमडली, रेघेच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, माझा पण टाइम लावा."

मी लावला. पाच मिनिटे अठ्ठावन्न सेकंद.